मदत हवी आहे : वेट एएमडीमध्ये पडदा कोरडा झाल्यावर इंजेक्शने चालू ठेवण्याबाबत

नमस्कार. माझ्या आईचे वय ७६ असून तिच्या उजव्या डोळ्याला वेट एएमडी (वयोमानाने डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, मध्यभागाखाली गळक्या रक्तवाहिन्या वाढण्याचा विकार) झाल्याचे निदान झाले आहे. खिडकीचे गज मध्येच वाकलेले दिसतात आणि पोथी वाचताना नजर टेकवावी तेच अक्षर पुसले जाते, अशी तिची तक्रार होती. दरमहा एक याप्रमाणे बेव्हॅसिझुमॅब या औषधाची डोळ्यात सुरुवातीची तीन इंजेक्शने झाली, ओसीटीमध्ये (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) पडद्याखालचे पाणी आटलेले दिसले आणि गजही बरेचसे सरळ दिसू लागले.

आता डॉक्टर म्हणतात की इंजेक्शने थांबवायची नाहीत. पुढचे सहा आठवड्यांनी, पडदा कोरडा राहिला तर त्यापुढचे आठ आठवड्यांनी, असे अंतर वाढवत न्यायचे आणि पुन्हा पाणी दिसले तर ते कमी करायचे. आईचे म्हणणे, "दिसतंय ना आता, मग पुन्हा कशाला टोचून घ्यायचं?" मला डॉक्टरांचे पटते, कारण हे औषध नव्या, गळक्या रक्तवाहिन्यांना वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला काही आठवडेच रोखून धरते, मूळ विकार तसाच राहतो, आणि एकदा पडद्यावर व्रण पडला की गेलेली नजर परत येत नाही. तरीही ज्यांच्या घरी असे उपचार दीर्घकाळ चालले आहेत, त्यांनी अंतर कुठवर वाढले आणि मध्येच थांबवल्यावर काय झाले, हे सांगितले तर तिला समजावणे सोपे जाईल.

तिची धास्ती सुईची नाही. भूल देणाऱ्या थेंबांमुळे सुई जेमतेम जाणवते. पण पापण्या उघड्या ठेवणारी क्लिप आणि पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक यांमुळे त्या दिवशी रात्रीपर्यंत डोळा चुरचुरतो. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी आयोडीन टाळता येत नाही, हे मान्यच आहे. इंजेक्शननंतर डोळा सलाइनने नीट धुऊन घेतल्याने किंवा कृत्रिम अश्रूंच्या थेंबांनी कोणाला आराम पडला का?

दुसरा प्रश्न औषधाचा. अंतर लवकर वाढावे म्हणून अफ्लिबरसेप्ट या त्याच प्रकारच्या दुसऱ्या औषधाचा पर्याय सुचवला गेला आहे, पण त्याची किंमत कितीतरी अधिक आहे. बेव्हॅसिझुमॅब मुळात कर्करोगाचे औषध असले, तरी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'कॅट' चाचणीत, सारख्याच वेळापत्रकाने दिल्यास वर्षभरानंतर नजरेवरचा त्याचा परिणाम रॅनिबिझुमॅब या खास डोळ्यासाठीच्या औषधाच्या तोडीचा आढळला होता. बेव्हॅसिझुमॅबच्या मोठ्या कुपीतून डोळ्यासाठी छोट्या सिरिंज भरताना निर्जंतुकता किती पाळली जाते, हीच काय ती माझी काळजी. याबाबत रुग्णालयाला नेमके काय विचारावे?

शेवटी विम्याविषयी. २४ तास भरती नसल्याचे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला आहे. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, पॉलिसीतून वगळता न येणाऱ्या आधुनिक उपचारांच्या यादीत डोळ्यातील इंजेक्शनांचा उल्लेख होता, मात्र खर्चावर मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना होती. या आधारावर तक्रार करून कोणाला रक्कम मिळाली असल्यास कोणती कागदपत्रे जोडली, ते कृपया कळवावे. पुढच्या इंजेक्शनची तारीख जवळ आली आहे; त्यामुळे बाकीची उत्तरे सवडीने दिली तरी चालतील, पण उपचार थांबवण्याचा अनुभव ज्यांच्या घरी आहे त्यांनी आधी लिहावे, ही विनंती.