करिअर दिनाला सरपंच बोलवायचेत, पण सत्काराविना. कसं जमवावं?

मांजराकाठची बाई:
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद हायस्कूलात मी दहावीला राज्यशास्त्र शिकवते. जुलैत निवडणूक प्रक्रियेचा धडा चालू होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सरपंच व्हायला कोणती परीक्षा द्यावी लागते?" वर्ग हसला. मला तो प्रश्न रात्रभर पुरला. या पोरीच्या हिशोबात प्रत्येक कामाच्या दारात एक परीक्षा उभी असते. डॉक्टरला नीट, पोलिसाला भरती, तलाठ्याला सरळसेवा. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात ती दुसरं काय ऐकत मोठी झाली असेल?

मी सांगितलं, वय 21 पूर्ण हवं, गावच्या मतदार यादीत नाव हवं, आणि 1995 किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर सातवी पास. तिनं वहीत लिहून घेतलं अन् विचारलं, "पण तो दिवसभर करतो काय?" 'तो' म्हणाली ती. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, आणि आमच्या गावची सरपंच सध्या बाईच आहे. तरी 'तो'.

जिल्हा परिषद सदस्याबद्दल तर वर्गात कुणालाच काही सांगता येईना. त्यात लेकरांचा दोष नाही. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, नंतर वर्षानुवर्षं प्रशासक होते. त्यांच्या कळत्या वयात त्यांनी सदस्य पाहिलाच नाही.

म्हणून ऑगस्टच्या करिअर दिनाला डॉक्टर-इंजिनिअरसोबत लोकांनी निवडून दिलेली माणसंही बोलवावीत असं मुख्याध्यापकांना सुचवलं. ते हो म्हणाले. भीती एकच आहे. माझ्या आधीच्या शाळेत असा एक कार्यक्रम झाला होता. दहाचे पाहुणे साडेबाराला आले, शाल-श्रीफळात पाऊण तास गेला, मग भाषणं. पोरं उन्हात बसून होती, एकाही लेकरानं प्रश्न विचारला नाही. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही. शिवाय गावात दोन पॅनल आहेत, एकाला बोलावलं की दुसरं रुसतं. कुणी असं काही केलंय का? कुणाला बोलवावं, काय विचारावं?

गिरणीवाली आक्का:
मॅडम, मी कळंब तालुक्यातल्या एका गावाला पाच वर्षं सरपंच होते. महिला राखीव जागा होती. लेकरांना खरं ऐकवायचं असंल तर आमच्यासारखीला बोलवा, अन् आधीच सांगून ठेवा की भाषण नको.

मी काय सांगितलं असतं ते लिहिते. पहिले सहा महिने मिटिंगला मालक खुर्चीवर बसायचे अन् मी दाराशी. वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून गावाला येणारे पैसे काढायला सरपंचाची अन् ग्रामसेवकाची डिजिटल सही लागायची. त्या सहीची डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी चावी, मालकाच्या खिशात असायची. म्हणजे सही माझी अन् खिसा त्यांचा. एक दिवस पाइपलाइनच्या बिलावर काय लिहिलंय ते वाचायला मागितलं, तर कुणी दाखवंना. त्या रात्री मी डोंगल मागून घेतली. घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत जाऊन खुर्चीवर बसले, अन् तवापासून बिल वाचल्याबिगर सही केली नाही.

दिवसभर काय करायचे म्हणाल, तर उन्हाळ्यात पाणी एके पाणी. पहाटे पाचला कुणाच्या तरी घरचा फोन, "आक्का, आमच्या गल्लीला वॉल्व सोडला न्हाई." टँकरचा प्रस्ताव तहसीलला, बोअर अधिग्रहणाचे कागद पंचायत समितीला. त्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के तवा पाणी अन् स्वच्छतेलाच घालावा लागायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, खर्च अडकल्यावर कळलं. लेकरांना हे आधी कळू द्या.

अन् एक सांगाच. ही नोकरी न्हाई. मला महिन्याला तीन हजार मानधन होतं. 2024 ला ते दुप्पट झालं, दोन हजार वस्तीच्या गावाला आता सहा हजार. त्यावर घर चालत नसतंय. पुढच्या आरक्षण सोडतीत आमचं पद दुसऱ्या प्रवर्गाला गेलं, माझा विषय संपला. मी परत माझ्या पिठाच्या गिरणीवर. म्हणून पोरींना सांगा, आधी पोटापाण्याचं बघा, मग उभं राहा. उभं मात्र राहाच.

जुना ग्रामसेवक:
मॅडम, परभणी जिल्ह्यात 31 वर्षं ग्रामसेवक होतो. दोन पॅनलचा प्रश्न मी रोज जगलोय. निमंत्रण माणसाला देऊ नका, पदाला द्या. सरपंच, उपसरपंच, आणि प्रत्येक वॉर्डातला एक सदस्य. म्हणजे दोन्ही बाजू आपोआप येतात, कुणाला बोट ठेवता येत नाही. शालेय व्यवस्थापन समितीत ठराव घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. कुठल्याही निवडणुकीची आचारसंहिता लागली तर कार्यक्रम सरळ पुढं ढकला.

स्टेज घालू नका. पाच-सहा टेबलं मांडा, प्रत्येक टेबलाशी एक पाहुणा आणि आठ-दहा लेकरं. हार कुठं घालायचा हा प्रश्नच उरत नाही. टेबलावर कागद ठेवा. नमुना 1 म्हणजे पंचायतीचा अर्थसंकल्प, नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही. मुलांना स्वतःच्या घराची घरपट्टी शोधू द्या. मी एकदा शाळेत नमुना 8 नेला होता. पोरं आपापल्या बापाचं नाव शोधत तासभर हलली नाहीत.

अकरा मतांनी:
मी गेवराई तालुक्यातला. बावीसाव्या वर्षी सदस्यपदाला उभा होतो, अकरा मतांनी पडलो. मॅडम, एक हरलेला उमेदवारही बोलवा. जिंकलेला माणूस नेहमी सोपं करून सांगतो. अर्ज, छाननी, जात पडताळणीसाठी मारलेल्या चकरा, चिन्हवाटप, आणि निकालानंतर दुसऱ्याच दिवशी ज्याच्याशी लढलो त्याच्याच ट्रॅक्टरवर सोयाबीन न्यायला जाणं, हे पोरांनी ऐकावं. मी अजून तिथंच राहतो, पुन्हा उभा राहणार आहे.

एक पालक, उदगीर:
माफ करा, पण शाळेत राजकारण कशाला? दहावीचं वर्ष आहे. पोरांना अभ्यास करू द्या.

मांजराकाठची बाई:
दादा, तुमची काळजी खरी आहे, मीही दहावीच्या मुलाची आई आहे. पण बाभळगावचे सरपंच राहिलेले विलासराव मुख्यमंत्री झाले आणि लातूरचे नगराध्यक्ष राहिलेले शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष झाले, ते याच जिल्ह्यातून. तेवढं मोठं कुणी व्हावं म्हणूनही मी हे करत नाहीये. आमच्या मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही. ते कुणाला मागायचं, एवढं त्यांना माहीत असावं.

मांजराकाठची बाई (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. टेबलं मांडली, स्टेज घातलं नाही. दोन्ही पॅनलची माणसं आली. पहिली दहा मिनिटं एकमेकांकडं बघत नव्हती, मग नमुना 8 उघडला आणि पोरांनी त्यांना बघायला वेळच दिला नाही. आमच्या सरपंचताई आल्या, सोबत त्यांचे मालकही. ग्रामसेवक भाऊंनी सांगितल्याप्रमाणं प्रत्येक टेबलाशी एकच पाहुणा, म्हणून पाहुण्यासाठी एकच खुर्ची ठेवली होती. मालक थोडा वेळ उभे राहिले, मग शिक्षकांच्या खोलीत चहाला गेले. ताई हळूहळू बोलायला लागल्या. शेवटी त्यांना थांबवावं लागलं.

ती मागच्या बाकावरची मुलगी त्यांच्याच टेबलाशी होती. तिनं विचारलं, "ताई, तुमची डोंगल कुणाकडं असते?" हे तिला मी गिरणीवाल्या आक्कांचं लिखाण वाचून दाखवलं म्हणून सुचलं. ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आजपासून माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी मुलींनी स्वच्छतागृहाच्या पाण्याचा अर्ज लिहिला. दोनदा खोडला, तिसऱ्यांदा नीट झाला. ग्रामपंचायतीत नेऊन दिला आणि शिक्का मारलेली पोच घेतली. मतदार नसल्यामुळं ठरावाला हात वर करता येणार नाही, हे त्यांना सांगितलंय. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत त्यांचा विषय पाचवा आहे. झेंडावंदन झालं की आम्ही नऊजणी थेट तिकडंच जाणार आहोत.