विहिरीतून येणारा आवाज आणि काकांचा डावा कान

ग्रुप: रहिवासी, ए ते डी विंग
शनिवार

मेघना, बी-३०२ (सकाळी ९:१२)
नमस्कार मंडळी. विषय सोसायटीचा नाही, त्यामुळे सुलभाताई, आधीच माफी मागते. माझा वायरलेस हेडसेट घेऊन चार महिने झाले. गाणी ऐकताना आवाज खणखणीत. पण ऑफिसची मीटिंग सुरू झाली की मला सगळे डब्यातून बोलल्यासारखे ऐकू येतात आणि त्यांना माझा आवाज विहिरीतून. काल साहेब म्हणाले, "मेघना, बाथरूममध्ये बसली आहेस का?" कस्टमर केअरला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर, रीसेट करा. कोणाचं असं झालंय का?

देशमुख काका, ए-१०१ (९:१५)
माझा डावा कान पंधरा दिवसांपासून बंद आहे.

सुलभाताई, सेक्रेटरी (९:१६)
अगंबाई! काका, डॉक्टरांना दाखवलंत का?

देशमुख काका, ए-१०१ (९:१८)
अहो, हेडसेटचा डावा! कंपनीच्या चॅटवर मी हेच वाक्य लिहिलं तर तिकडच्या मुलीनेही हेच विचारलं. वर "लवकर बरे व्हा" असंही लिहिलं. मुलगी गुणी होती, पण कान बंद तो बंदच.

वर्षा, सी-२०१ (९:१९)
😂😂

रोहन, बी-१०४ (९:२४)
काका, ती मुलगी कदाचित माझ्याच जुन्या बॅचची असेल. मी दोन वर्षं अशाच एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर काढली आहेत. मेघनाताई, एक विचारू? फोनवर तुम्ही नेमकं काय सांगितलंत?

मेघना, बी-३०२ (९:२६)
काय सांगणार? "हेडसेट नीट चालत नाही, आवाज खराब येतो."

रोहन, बी-१०४ (९:३३)
तिथेच घोळ आहे. तुमच्यावर टीका नाही हं, सगळेच असं सांगतात. पलीकडच्या मुलासमोर स्क्रीनवर प्रश्नांची एक साखळी असते. "आवाज खराब" असं टाकलं की पहिली पायरी रीसेट. तुम्ही "केलं, तरी तसंच" म्हणालात तर पुढची पायरी उघडते. पण बहुतेक जण "बरं, करून बघते" म्हणून फोन ठेवतात आणि तो तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करून टाकतो. चौथ्या दिवशी फोन लागतो दुसऱ्याच माणसाला, नवीन तिकीट उघडतं आणि गाडी परत रीसेटवर येते. आमच्याकडे किती तिकिटं बंद केली यावर गुण मिळायचे. किती हेडसेट सुरू झाले यावर नाही.

म्हणून फोन केल्यावर पहिलं वाक्य, "माझा जुना तिकीट क्रमांक अमुक आहे, तोच पुन्हा उघडा."

मेघना, बी-३०२ (९:३५)
क्रमांक मी लिहूनच ठेवले नाहीत 🙈

रोहन, बी-१०४ (९:३६)
एसेमेस किंवा मेलमध्ये असतील, शोधा.

निखिल, सी-५०४ (९:४१)
मेघना, गाणी चांगली ऐकू येतात आणि मीटिंगमध्येच बिघडतं म्हणालीस ना? मग हेडसेट शाबूत असण्याची शक्यता जास्त. मीटिंग लॅपटॉपवर करतेस की फोनवर?

मेघना, बी-३०२ (९:४२)
लॅपटॉपवर. फोनवर आईशी बोलते तेव्हा तिची काही तक्रार नसते. पण आई माझ्या बोलण्याकडे लक्ष देते का, हा वेगळा विषय.

निखिल, सी-५०४ (९:५३)
मग ऐक. ब्लूटूथवर आवाज पाठवायचे दोन वेगळे रस्ते असतात. गाणी एकाच दिशेने जातात, लॅपटॉपकडून कानाकडे. त्या रस्त्याला जागा भरपूर, म्हणून आवाज स्टिरिओ आणि भरीव. पण मीटिंग ॲपने हेडसेटचा माइक मागितला की ब्लूटूथ दुसऱ्या रस्त्यावर उडी मारतं. तो 'हँड्सफ्री'चा रस्ता, गाडीत फोनवर बोलण्यासाठी काढलेला. त्यावर जाणं आणि येणं दोन्ही एकाच अरुंद गल्लीतून. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात; नमुने जितके जास्त, तितका आवाज स्पष्ट. २०११ च्या सुमारास सुधारणा झाली, तेव्हापासून १६,००० घेता येतात. तुलनेसाठी, गाण्याच्या सीडीवर ४४,१०० असतात. आता डब्यातून का येतो ते कळलं असेल.

म्हणजे माइक चालू झाला की ऐकण्याचा दर्जाही घसरतो. त्यात लॅपटॉप आणि हेडसेट यांचं १६,००० वर जमलं नाही तर गाडी थेट ८,००० वर येते. फोन आणि हेडसेटचं बहुतेक वेळा जमतं, म्हणून आईला काही जाणवत नाही.

उपाय साधा आहे. लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'इनपुट'ला लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवड आणि 'आउटपुट'ला हेडसेट. मीटिंग ॲपच्या आतही हीच निवड वेगळी करावी लागते, ते विसरू नकोस. हेडसेटचं नाव यादीत दोनदा दिसत असेल तर 'हँड्सफ्री' लिहिलेलं सोडून 'स्टिरिओ'वालं घे.

मेघना, बी-३०२ (९:५५)
दोनदा दिसतं! मला वाटायचं चुकून दोनदा जोडलं गेलंय. एक काढूनही टाकलं होतं, तर दुसऱ्या दिवशी परत हजर.

देशमुख काका, ए-१०१ (९:५६)
निखिल, हे ब्लूटूथ म्हणजे निळा दात ना? दाताचा आणि कानाचा संबंध काय?

निखिल, सी-५०४ (९:५९)
काका, दहाव्या शतकात डेन्मार्कचा हॅराल्ड नावाचा राजा होता, त्याचं टोपणनाव ते. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका सत्तेखाली आणले, तसं हे तंत्र फोन आणि संगणक एकत्र आणणार म्हणून १९९६-९७ च्या सुमारास ते तात्पुरतं नाव सुचवलं गेलं, आणि तेच चिकटलं. चिन्हातली आकृती म्हणजे त्याच्या नावाची आद्याक्षरं जुन्या रून लिपीत.

देशमुख काका, ए-१०१ (१०:००)
छान. माझे दात तर काचेच्या भांड्यात आहेत. डाव्या कानाचं बोला.

सुलभाताई, सेक्रेटरी (१०:०१)
मध्येच सांगते. ए विंगची लिफ्ट दुपारी १ ते ३ बंद, देखभाल आहे. आता चालू द्या.

निखिल, सी-५०४ (१०:०५)
काका, डावा अजिबात बंद आहे की हळू येतो? आणि केसमध्ये, म्हणजे चार्जिंगच्या डबीत ठेवल्यावर त्याचा दिवा लागतो का?

देशमुख काका, ए-१०१ (१०:०९)
दिवा लागतो. आता कानाला अगदी दाबून ऐकलं, डास गुणगुणावा तसं काहीतरी येतंय.

निखिल, सी-५०४ (१०:१५)
मग वीज पोहोचते, आवाज अडकलाय. नव्वद टक्के जाळीत मळ बसला असणार. रबर काढा, जाळीचं तोंड खाली धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने हळूहळू झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. पाणी नको, फुंकर नको आणि काका, टाचणी तर मुळीच नको. जाळी फाटली की वॉरंटी गेली. दिवा लागला नसता तर केसमधल्या आणि बडवरच्या (म्हणजे कानात घालायच्या तुकड्यावरच्या) धातूच्या टिकल्या कोरड्या कापडाने पुसायला सांगितलं असतं.

देशमुख काका, ए-१०१ (१०:१६)
टाचणी हातातच होती. ठेवली खाली.

वर्षा, सी-२०१ (१०:२४)
आता माझं गाऱ्हाणं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'वॉटर रेझिस्टंट'. सहा महिने घालून धावले, एक दिवस बंद. सर्व्हिस सेंटरने उघडून पाहिलं आणि "आत ओलावा शिरलाय, वॉरंटीत बसत नाही" म्हणून परत. मग 'वॉटर रेझिस्टंट' लिहायचं कशाला?

रोहन, बी-१०४ (१०:३१)
वर्षाताई, या प्रश्नावर आमच्याकडे रोज भांडणं व्हायची, आणि खरं सांगतो, गिऱ्हाईकाचा राग मला पटायचा. खोक्यावर आयपीएक्स४ असं काही लिहिलेलं असेल, तो पाण्यापासून बचावाचा दर्जा. ४ म्हणजे फक्त शिंतोडे. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि ही चाचणी होते साध्या पाण्यात, नव्या कोऱ्या वस्तूवर. घामात मीठ असतं, ते टिकल्या आणि सील दोन्ही खातं. पण जाहिरातीत घामाघूम माणूस दाखवायचा आणि ओलावा वॉरंटीतून वगळायचा, ही लबाडीच. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार करा आणि वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा असं त्यातच लिहा. फोनवर वाद घालून काही मिळत नाही, लेखी तक्रारीवर आमच्याकडे दोनदा तरी बदलून दिलेलं मी पाहिलंय. आणि पुढच्या वेळी धावून आल्यावर पुसल्याशिवाय केसमध्ये ठेवू नका. ओला बड बंद केसमध्ये म्हणजे गंजाला आमंत्रण.

वर्षा, सी-२०१ (१०:३३)
मी तर धावून आले की पहिलं तेच करायचे 😐

वर्षा, सी-२०१ (१०:३८)
अजून एक, सगळ्यांनी लक्ष द्या. तेव्हा मी कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधला होता. जो वर आला त्यावर फोन केला. माणूस फार गोड बोलला आणि "पैसे परत करतो, हे ॲप टाका, मला तुमची स्क्रीन दिसू दे" म्हणाला. नशिबाने नवरा शेजारी होता, त्याने फोन हिसकावून बंद केला.

रोहन, बी-१०४ (१०:४०)
बाप रे, वाचलात. नंबर खोक्यावरचा किंवा पुस्तिकेतलाच घ्यायचा. हेडसेट दुरुस्त करायला तुमच्या फोनची स्क्रीन कोणालाही लागत नाही, ओटीपी तर नाहीच नाही.

सुलभाताई, सेक्रेटरी (१०:४२)
वर्षाचा हा मेसेज मी पिन करते. आजच्या चर्चेत सोसायटीच्या कामाचं एवढं तरी निघालं.

शबाना, डी-२०२ (११:०५)
मी दिवसभर फोनवरच असते, कामच ते. कानातले बड सोडून तोंडाजवळ दांडी येणारा हेडसेट घेतला, सोबत लॅपटॉपला लावायचा छोटा डोंगल. आवाजाची तक्रार संपली. बडचा माइक कानापाशी, आपण बोलतो तोंडाने, त्यामुळे घरातला मिक्सर आणि आपण त्याला सारखेच. पण महिनाभर आवाज तुटायचा. सपोर्टच्या एका मुलीने विचारलं, "डोंगलशेजारी काय लावलंय?" बाहेरची हार्ड डिस्क होती. ती दुसऱ्या बाजूला लावली आणि तुटणं बंद. इतक्या जणांशी बोलले, योग्य प्रश्न तिनेच विचारला.

निखिल, सी-५०४ (११:१४)
हुशार मुलगी. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि यूएसबी ३ च्या, म्हणजे हार्ड डिस्कला लागतात तशा, वायरी नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट सोडतात. २०१२ मध्ये इंटेलनेच हे लिहून ठेवलंय. वायफायही तिथेच, मायक्रोवेव्हही तिथेच. त्या गर्दीत टिकायला ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलतं, तरी कधी कधी अडकतं. आपलं शरीरही आड येतं, कारण अंगातलं पाणी हे तरंग शोषतं. फोन मागच्या खिशात ठेवून आवाज तुटत असेल तर आधी फोन पुढे घेऊन बघा, मग तक्रार करा.

मेघना, बी-३०२ (११:२०)
तुटण्यावरून आठवलं. रोज चारच्या सुमारास माझा आवाज दोन-तीन सेकंद गायब होतो. मायक्रोवेव्ह तेव्हा बंद असतो, हार्ड डिस्क नाहीच.

रोहन, बी-१०४ (११:२१)
हेडसेट आणखी कशाकशाला जोडलाय?

मेघना, बी-३०२ (११:२२)
लॅपटॉप आणि माझा फोन. बस.

मेघना, बी-३०२ (११:२९)
थांबा. चिरंजीवांच्या टॅबलाही. सुट्टीत त्याला कार्टून बघायला दिला होता. तो चारला शाळेतून येतो आणि खेळ उघडतो 🤦‍♀️

रोहन, बी-१०४ (११:३१)
सापडला चोर. एका वेळी दोन उपकरणं धरणारे हेडसेट असतात. तुमचा फोन लांब असेल तर ती जागा टॅब घेतो, आणि तिथे 'टुंग' वाजलं की हेडसेट क्षणभर तिकडे वळतो. टॅबवर जाऊन 'फर्गेट' करा, म्हणजे जोडणीच पुसून टाका. नुसतं ब्लूटूथ बंद करून भागत नाही, मुलं परत चालू करतात.

देशमुख काका, ए-१०१ (दुपारी १२:१०)
जाळी झाडली. जे निघालं त्याचं वर्णन ग्रुपवर करत नाही. डावा कान आता उजव्यापेक्षा मोठा वाजतोय. उजवाही झाडू का?

निखिल, सी-५०४ (१२:११)
झाडा काका, बिनधास्त.

मेघना, बी-३०२ (सायंकाळी ६:४०)
बहिणीबरोबर लॅपटॉपवर चाचणी केली. आधी हेडसेटचा माइक, मग लॅपटॉपचा. ती म्हणाली, दुसऱ्या वेळी समोर बसल्यासारखी वाटलीस. पण लॅपटॉपचा माइक पंख्याचा आवाजही घेतो, म्हणून पंखा बंद करून घामाघूम बसले होते. बहुधा शबानासारखा दांडीवाला घ्यावा लागेल.

तरी रोहन म्हणाला तसा कंपनीला मेल केलाच. जुने तिन्ही तिकीट क्रमांक सापडले. मॉडेल, फर्मवेअरचा आकडा, लॅपटॉपवर होतं आणि फोनवर होत नाही, रीसेट तीनदा केलं, हे सगळं लिहिलं. बहिणीकडे झालेल्या दोन्ही रेकॉर्डिंग जोडल्या.

रोहन, बी-१०४ (६:४४)
असा मेल आम्हाला आला असता तर आम्ही फ्रेम करून लावला असता.

सोमवार

मेघना, बी-३०२ (सकाळी ११:०२)
कंपनीचं उत्तर आलं. पहिल्यांदाच खालच्या ओळीत माणसाचं नाव आहे. लिहिलंय की लॅपटॉपचं ब्लूटूथ ड्रायव्हर (ब्लूटूथ चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं आहे, अपडेट केल्यावर माइकचा आवाज सुधारेल, पण गाण्याइतका होणार नाही. केलं अपडेट. साहेबांनी आज बाथरूमचं विचारलं नाही. आता मेलमध्ये विचारतायत, आमच्या सेवेला किती तारे द्याल? पहिल्या तीन फोनचा राग धरून एक द्यावा म्हणते.

रोहन, बी-१०४ (११:०५)
ताई, तो तारा कंपनीला लागत नाही, ज्याने उत्तर लिहिलं त्याच्या खात्यावर जातो. त्याला पाच द्या. एकाचा राग खालच्या रिकाम्या चौकटीत लिहा.

मेघना, बी-३०२ (११:०६)
दिले.

देशमुख काका, ए-१०१ (११:१५)
दोन्ही कान झाडल्यापासून सगळं स्वच्छ ऐकू येतंय. सुलभाताई, ए विंगची लिफ्ट अजून कुरकुरते बरं का.