हॅरॉल्ड फ्रायची पायपीट: चर्चा ‘ही तर वारीच’ इथेच अडते, पुढे कशी न्यावी?

वाचनकट्टा_सातारा

आमच्या गटाने या वेळी रेचेल जॉयस यांची ‘द अनलाइकली पिल्ग्रिमेज ऑफ हॅरॉल्ड फ्राय’ (२०१२) घेतली आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडच्या दक्षिण टोकाला किंग्जब्रिज गावात राहणारा, दारूच्या कारखान्यातून निवृत्त झालेला ६५ वर्षांचा हॅरॉल्ड. जुनी सहकारी क्वीनी कॅन्सरने शेवटच्या टप्प्यात आहे असं तिचं पत्र येतं. उत्तर टाकायला तो पोस्टाच्या पेटीपर्यंत जातो आणि थांबतच नाही. ती जिथे आहे त्या थेट उत्तर टोकाच्या बेरिकपर्यंत चालत जायचं ठरवतो. मी पोहोचेपर्यंत ती जगेल, हा त्याचा विश्वास.

चर्चा दोन वाक्यांपाशी येऊन थांबते. एक, ‘ही तर आपली वारीच’. दोन, ‘सराव नसलेला माणूस साधे बूट घालून हजार किलोमीटर चालूच शकत नाही’. दोन्हींच्या पुढे कसं जायचं? शिवाय काहींचं पुस्तक अर्धंच झालंय, त्यांच्यासमोर शेवट फुटू नये. बैठक दोन तासांची असते, माणसं बारा-चौदा.

घाटवाट

दुसऱ्या आक्षेपाचा आधी निकाल लावा, कारण तो आकड्यांनी सुटतो. कादंबरीत ८७ दिवस आणि ६२७ मैल आहेत, म्हणजे साधारण १,००९ किलोमीटर. भागून दिवसाला साडेअकरा किलोमीटरच्या आसपास येतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर आहे आणि बहुतेक मुक्कामांमधलं अंतर साडेअकरा किलोमीटरहून जास्तच असतं. तिथे हॅरॉल्डच्या वयाची हजारो माणसं चालतात. म्हणजे वेग अजिबात अशक्य नाही. एकूण अंतर मात्र चार वाऱ्यांएवढं आहे, तेही मागेपुढे सामानाचा ट्रक नसताना.

खरी अडचण बुटांची. त्याच्या पायात बोटीवर घालायचे बूट आहेत. त्यांचा तळ पातळ आणि सपाट, ओल्या फळीवर घसरू नये म्हणून केलेला. डांबरी रस्त्यावर तो टाचेला काहीच आधार देत नाही. पाऊस लागला की चामडं भिजतं, सैल पडतं, पाऊल आत सरकतं. ओल आणि घर्षण एकत्र आले की फोड येणारच. शिवाय दिवसभर चालून पाय सुजतात. मापाचे बूट संध्याकाळी आखूड होतात आणि उतारावर नखं पुढे आपटून काळी पडतात. म्हणून लांब चालणाऱ्याने बूट संध्याकाळी, मोजे घालून घ्यावेत आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडावी.

फोडाचंही सांगतो, कारण गटात कुणीतरी विचारतंच. लहान फोड फोडायचा नाही, नुसता झाकायचा. मोठा, ताणलेला आणि चालू न देणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची आणि पट्टी लावायची. कातडी सोलली की जखम उघडी पडते आणि धुळीत पिकते. मधुमेह असलेल्यांनी मात्र यातलं काहीही घरी करू नये, डॉक्टर गाठावा.

आणखी एक गोष्ट लेखिकेने नीट पकडली आहे. स्नायू काही आठवड्यांत चालायला सरावतात, पण कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि तळपायाखालचा चिवट पट्टा त्यांच्या मागे राहतात. त्यामुळे सराव नसलेला माणूस पहिल्याच दिवशी कोलमडतो असं नाही. बरं वाटायला लागतं, तो अंतर वाढवतो आणि तिथे दुखापत होते. हॅरॉल्डच्या चालण्याचे चांगले आणि वाईट दिवस पुस्तकात कुठे येतात ते खुणा करून वाचा. ‘पटत नाही’ म्हणणाऱ्यांनाच हे काम द्या.

नीराकाठ

वारीची तुलना टाळू नका. सातारा जिल्ह्यात ती होणारच आणि व्हायला हवी. माउलींचा सोहळा नीरास्नानानंतर लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा आपल्याच जिल्ह्यातून जातो आणि या सोहळ्याची आजची घडी बसवणारे हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे. फक्त ‘सारखं काय’ हा प्रश्न विचारूच नका, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक आहे. ‘वारीत आहे आणि हॅरॉल्डकडे नाही, असं काय?’ हे विचारा.

पहिलं, तिथी. वारकऱ्याला आषाढी एकादशी ठाऊक आहे, मुक्काम ठरलेले आहेत. पोहोचायची वेळ त्याच्या हातात नाही, पण ती निश्चित आहे. हॅरॉल्डची वेळ क्वीनीच्या श्वासावर अवलंबून आहे. तरीही तो गाडीत बसत नाही. गाडीने हे अंतर एका दिवसाचं आहे. मग तो चालतो ते कुणासाठी, तिच्यासाठी की स्वतःसाठी? माझ्या मते कादंबरीचा गाभा हाच आहे आणि इथे अर्धा तास गेला तरी हरकत नाही.

दुसरं, शिस्त. दिंडीला क्रमांक असतो, वीणेकरी असतो, सामान पुढे गेलेलं असतं. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकलं जातं, मगच पुढचं. आता हॅरॉल्डभोवती वर्तमानपत्रातल्या बातमीनंतर जमलेले लोक पाहा. एकाच नावाचे टी-शर्ट आले, पुढारी आले, भांडणं आली, पण गाऱ्हाणं ऐकायची जागाच नाही. शेवटी ते त्यालाच मागे टाकून पुढे जातात. ज्याने वारी जवळून पाहिली आहे त्याला हा भाग इंग्लंडमधल्या वाचकापेक्षा जास्त लागतो. गर्दी जमणं आणि समाज होणं यातला फरक आपल्याला दरवर्षी पालखीत दिसतो.

तिसरं म्हणजे नेम. वारी पुढच्या वर्षी पुन्हा आहे, हॅरॉल्डचं चालणं एकदाच आहे. यावर फार बोलता येईल असं वाटत नाही, पण वेळ उरला तर घ्या.

कृष्णाकाठ_सांगली

शेवट फुटू न देता चर्चा करायची तर तासांची वाटणी करा. पहिले सत्तर मिनिटं फक्त गर्दी जमेपर्यंतचा भाग. मग चहा. त्यानंतर ज्यांचं वाचून संपलं नाही त्यांनी थांबायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं. उरलेला वेळ शेवटासाठी.

पहिल्या भागात मॉरीनला वगळू नका. सगळे हॅरॉल्डबद्दल बोलतात आणि त्याची बायको ‘घरी बसलेली’ म्हणून सुटते. प्रकरणं दोघांमध्ये फिरतात, त्यामुळे एकाला फक्त मॉरीनची प्रकरणं वाचून यायला सांगा. तिचं घर, शेजारच्या रेक्सशी होणारं बोलणं, मुलगा डेव्हिडशी चालणाऱ्या गप्पा. ती घराबाहेर न पडता किती लांब जाते ते तिथे कळतं.

*ज्यांचं वाचून झालं नाही त्यांनी इथे थांबावं.*

दुसऱ्या भागात आधी हॅरॉल्डचं, वाटेत सुरुवातीलाच भेटलेल्या पेट्रोलपंपावरच्या मुलीला लिहिलेलं पत्र मोठ्याने वाचा. डेव्हिड वीस वर्षांपूर्वीच गेला, हे त्यात उघड होतं. वाचणाऱ्याने आवाज चढवू नये, पत्र साधं आहे आणि ते तसंच वाचलं पाहिजे. मग लगेच मागे जाऊन मॉरीनच्या गप्पांची दोन-तीन पानं पुन्हा काढा. डेव्हिड तिसऱ्या कुणासमोर एकदाही बोलत नाही, हे तेव्हा दिसतं. आत्महत्येचा विषय आहे, बैठकीत कुणाच्या घरी असं घडलेलं असू शकतं. तेव्हा ‘आईबापांचं काय चुकलं’ असा प्रश्न ठेवू नका. ‘हॅरॉल्ड आणि मॉरीन एकमेकांशी बोलायचे का थांबले?’ एवढंच विचारा.

वाचनकट्टा_सातारा

फार उपयोगी. एकच शंका: बैठक चालत घेतली तर? यवतेश्वरचा घाट डोळ्यासमोर आहे.

घाटवाट

चालेल, पण सगळी बैठक नको. फक्त ‘कुणासाठी चालतो’ हा प्रश्न वाटेत घ्या. जोड्या करा, प्रत्येक जोडीला एकच प्रश्न चिठ्ठीवर द्या, मोठा घोळका करू नका. घोळक्यात पुढचे दोघेच बोलतात. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, अवघड गोष्ट बोलणं सोपं जातं.

उजेड फुटताच निघा. कास पठाराच्या फुलांच्या हंगामात सुट्टीच्या दिवशी कासकडे जाणारा तो घाटरस्ता गाड्यांनी भरतो, तेव्हा शनिवार-रविवार टाळा. समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने, एकामागे एक जोडी. वळणावर थांबून बोलायचं नाही. माणशी एक लिटर पाणी. गुडघे दुखणाऱ्यांनी चढ चालावा आणि उतरताना गाडीत बसावं, गुडघ्यांवर जास्त भार उतारावर येतो. शेवटचा भाग, पत्राचा, मात्र वर पोहोचून बसूनच वाचा. चालता चालता तो वाचता येणार नाही.