मदत हवी आहे : पर्यावरणाच्या विनाशावरील ॲनिमेशन लघुपट मच्छीमार गावात दाखवायचे आहेत, निवड कशी करावी?

नमस्कार.

देवगड तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयातर्फे येत्या मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै यांदरम्यान एखाद्या संध्याकाळी, पर्यावरणाच्या नाशावरचे ॲनिमेशन लघुपट दाखवण्याचे घाटत आहे. त्या दिवसांत होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, त्यामुळे एरवी रात्री समुद्रावर असणारी माणसेही घरी सापडतात. प्रेक्षकांत सहावी-सातवीची मुले, जुने रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरणारे), यांत्रिक नौकांवरचे खलाशी आणि आंबा बागायतदार असे सगळेच असतील. कार्यक्रम तासाभराहून लांबवता येणार नाही, कारण पावसात विजेचा भरवसा नसतो आणि वाचनालयाचा इन्व्हर्टर प्रोजेक्टरला फार वेळ पुरत नाही.

या विषयावर शोध घेतला की बहुधा सर्वप्रथम स्टीव्ह कट्स या ब्रिटिश ॲनिमेटरचा २०१२ चा ‘मॅन’ समोर येतो. सुमारे साडेतीन मिनिटांचा, संवाद नसलेला आणि एडवर्ड ग्रीग यांच्या वेग वाढवत जाणाऱ्या संगीतावर बांधलेला हा लघुपट रचनेच्या दृष्टीने चोख आहे. एक माणूस वाटेत येईल तो प्राणी मारत, जंगले तोडत, कारखाने उभारत अखेर कचऱ्याच्या ढिगावर राजासारखा बसतो आणि परग्रहवासी येऊन त्याला तुडवून त्याचे पायपुसणे करतात. मुलांना तो आवडेल यात शंका नाही.

माझी अडचण अशी की त्या लघुपटात माणूस एकच आहे. मारणारा तोच, मिरवणारा तोच आणि शेवटी तुडवला जाणाराही तोच. आमच्या किनाऱ्यावरचे चित्र तसे नाही. एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी एका जागी गोळा करून पर्ससीन (थव्याभोवती टाकून तळाशी आवळता येणाऱ्या) जाळ्याने सबंध थवा उचलणारी नौका आणि वाळूत उभे राहून दोरखंड ओढणारा, मिळालेल्या मासळीचे वाटे घालणारा रापण संघ, या दोघांना एकाच ‘मानवजाती’त बसवले तर पहिल्याला सुटल्यासारखे वाटेल आणि दुसरा उठून घरी जाईल. त्याने उठून जाणे मला तरी गैर वाटणार नाही. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी केली आणि राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातील दंड २०२१ मध्ये वाढवण्यात आला. कोणाचा दोष किती, हे निदान कागदावर तरी मोजले गेले आहे. मग लघुपटांनीच ते का टाळावे? (या बंदीची अंमलबजावणी कशी होते, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, कृपया येथे तो वाढवू नये.)

कॅनडाचे ॲनिमेटर फ्रेडरिक बॅक यांचे दोन लघुपट मी पाहिले. ‘द मॅन हू प्लांटेड ट्रीज’ (१९८७) हा फ्रेंच लेखक जाँ जियोनो यांच्या कथेवरचा अर्ध्या तासाचा, ऑस्करविजेता लघुपट अतिशय देखणा आहे. पण ओसाड डोंगरात एकटा मेंढपाळ वर्षानुवर्षे झाडे लावतो ही गोष्ट, झाडे ज्यांच्या डोळ्यांदेखत लाकूडतोडीत गेली आणि मागे चिरेखाणींचे खड्डे राहिले, त्यांना थोडी भाबडी वाटण्याचा संभव आहे. बॅक यांचाच ‘द माइटी रिव्हर’ (१९९३) मला अधिक जवळचा वाटला. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदी, तिच्यातील मासे आणि देवमासे, त्यांच्यावर पोट भरणारे मूळ रहिवासी, नंतर आलेले युरोपीय व्यापारी, आणि त्याहून नंतरचे कारखान्यांचे सांडपाणी असा क्रम त्यात आहे, त्यामुळे कोणी किती घेतले आणि का घेतले हे प्रेक्षकाला दिसत राहते. मात्र तो चोवीस मिनिटांचा असून निवेदनावर उभा आहे, आणि इंग्रजी किंवा फ्रेंच निवेदन आमच्या प्रेक्षकांना उपयोगाचे नाही.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती आहे की समुद्र, खाडी, कांदळवन किंवा खाणकाम यांवरचे, शक्यतो संवादरहित आणि पंधरा मिनिटांच्या आतले असे लघुपट सुचवावेत, ज्यांत नाश करणारा आणि नाश सोसणारा वेगवेगळे दिसतात. मूळ ध्वनी मंद ठेवून गावातील एखाद्याने मालवणीत निवेदन करावे, अशीही एक कल्पना आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून कथा सांगतात, ते पाहिलेल्या लोकांना ही रीत परकी वाटणार नाही. असे करण्यास निर्मात्याची परवानगी लागते का, आणि सार्वजनिक खेळासाठी आणखी काय लागते, हेही कळल्यास बरे होईल.

प्रतिसाद (चित्रचौकट)

आपला मुद्दा पटला. कुनियो कातो यांचा ‘द हाउस ऑफ स्मॉल क्यूब्ज’ (२००८) अवश्य पाहावा. बारा मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद नाहीत. पाणी चढत जाते तसा एक म्हातारा घरावर नवा मजला चढवत राहतो. पाणी का चढते हे लघुपट सांगत नाही, त्यामुळे दोषाचा प्रश्न त्यातून सुटणार नाही. पण सोसणारा कसा दाखवावा याचा तो उत्तम नमुना आहे. दुसरा, आपल्या देशातला ‘वेड’ (इंग्रजी Wade, म्हणजे पाण्यातून चालत जाणे) : सुंदरबनातून विस्थापित झालेली माणसे आणि पाण्याखाली गेलेल्या कोलकात्यात शिरलेले वाघ यांची गाठ पडते. तो मात्र भीतिदायक आहे, लहान मुलांना बसवण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावा.

परवानगीबाबत : १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्तींपुरते मर्यादित असल्यास, चित्रपट दाखवण्यास सवलत आहे. वाचनालयाने सर्वांसाठी ठेवलेला खेळ त्यात बसवणे कठीण आहे, शिवाय सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालील प्रमाणपत्राचाही प्रश्न येतो. कार्यक्रम शाळेचा म्हणून पालकांसाठी ठेवला तर बरीच अडचण टळेल. तरीही निर्मात्याला पत्र लिहून निवेदनाची कल्पना स्पष्ट सांगावी.

आपल्याला हवा तसा लघुपट तयार सापडण्याची शक्यता कमी आहे, म्हणून एक मिनिटाचा स्वतःच करावा असे सुचवतो. पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्या टेबलावर मांडून वरून मोबाइलने एकेक छायाचित्र घ्यायचे. सेकंदाला बारा छायाचित्रे धरली तर मिनिटाला ७२० लागतात, म्हणजे सात-आठ मुलांच्या गटाला सुट्टीत जमण्यासारखे काम आहे. खिडक्या बंद ठेवून दिव्याच्या उजेडात काम करावे आणि मोबाइलचे एक्स्पोजर लॉक करावे, अन्यथा ढग आले-गेले की प्रत्येक चौकटीचा उजेड बदलतो.

मूळ धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. खेळ शाळेच्या नावाने ठेवण्याबाबत मुख्याध्यापकांशी बोलतो. एका मिनिटाच्या लघुपटासाठी रापण आणि दिव्यांची नौका एकाच चौकटीत घ्यावी असे डोक्यात आहे. रात्रीचा समुद्र काळ्या कागदावर दाखवला तर दिव्यांचा झोत मागून उजेड सोडून करावा की पिवळा जिलेटिन कागद चिकटवून, याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया कळवावे.