मदत हवी आहे: फ्रीजरमधलं उरलेलं मटण कसं गरम करू?

करीच्या दिवशी पाहुणे कमी आले, सावजी मटणाचा अर्धा गंज उरला. त्याच रात्री डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवला. सासूबाई म्हणतात, सकाळी डबा ओट्यावर काढून ठेव, दुपारपर्यंत सुटते. पण आमच्याकडे एवढा उकाडा, की वरचं कोमट अन् आत दगड! त्यापेक्षा रात्रभर खाली फ्रीजमध्ये ठेवलं तर किलोभराचा डबा सुटेल का? लाईनचा भरवसा नाही. परवा ४ तास गेली होती. दार उघडलं नाही, बर्फ तसाच होता. चालेल ना? रस्सा खदखदा उकळायचा, हे माहीत आहे (७४ अंश म्हणतात, थर्मामीटर कुठून आणू बाप्पा!), पण हाडाजवळचं गरम झालं, हे कसं ओळखायचं? घरात लहान लेकरं आहेत, म्हणून विचारते.