नाताळचा भयविनोदी प्रयोगपट: एक अखंड शॉट की कात्री?

रीळवेडा:
नाताळच्या रात्री घडणारा भयविनोदी लघुपट करायचा तर खुनाचा प्रसंग कुठेही न कापता, एकाच स्थिर, रुंद चौकटीत आणि फिल्मवरच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. डावीकडे दार उघडतं, बाहेर बर्फ, लाल डगल्यातला म्हातारा आत येतो. मधल्या टेबलाशी कुटुंब गाणं म्हणतंय. उजवीकडे झाडाला चांदणी लावणारे काका शिडीवरून खाली येतात ते रक्ताच्या चिळकांडीसकट. गाणं थांबत नाही. हसू येतं ते गाणं न थांबल्यामुळे, आणि भीतीही त्यातूनच. शेवटी काकांचं भूत कोरसमध्ये सामील होतं. क्लोजअप घेतलात की कुठे बघायचं ते तुम्हीच सांगितलंत, प्रेक्षकाच्या नजरेला शोधायला काही उरलं नाही. सुपर ८ चं, म्हणजे ८ मिमी रुंदीच्या छोट्या फिल्मचं, ५० फुटी कार्ट्रिज सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने अडीच मिनिटं चालतं, १८ च्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. प्रसंग तेवढ्यात बसवावा लागतो, आणि पटकथेला ती शिस्त हवीच.

कात्री:
साफ असहमत. विनोदाचा ठोका सहा-आठ फ्रेममध्ये बसतो किंवा हुकतो. कितीही तरबेज नट पाव सेकंदाच्या हिशेबाने पडत नाही. तो हिशेब संकलनाच्या टेबलावर जुळतो, आणि अखंड शॉटमध्ये नेमकी तीच जागा तुम्ही बंद करताय. शिवाय प्रत्येक रीटेकला डगला बदला, गालिचा बदला, बर्फ पुन्हा पसरा. रात्रीत तीन टेक झाले तरी खूप. तोच प्रसंग चार तुकड्यांत मोडा: आधी कोरडे शॉट उरका, रक्ताचा सर्वांत शेवटी.

रंगकाम:
टेक एक असो वा चार, गाडं अडतं ते रक्त आणि बर्फाच्या गाठीवर. कागदी बर्फ टिपकागदासारखा ओढून घेतो, रक्त कडेने पसरतं आणि दोन मिनिटांत गुलाबी सरबत दिसायला लागतं. रक्ताची माझी कृती: १ कप पारदर्शक कॉर्न सिरप, पाव कप पाणी, २ छोटे चमचे खायचा लाल रंग, १ छोटा चमचा कोको आणि निळ्याचा एखाद-दुसरा थेंब. कोको आधी त्याच पाण्यातल्या थोड्या कोमट पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या कॅमेऱ्यात दिसतात. दिव्यांच्या उष्णतेने मिश्रण पातळ होतं, म्हणून थोडं घट्टच ठेवा. जिथे रक्त पडणार तिथे कागदाऐवजी प्लास्टिकचा बर्फ पसरा, त्यावर ते मण्यांसारखं उभं राहतं.

अखंड शॉटच्या बाजूने मात्र एक मुद्दा आहे. गाणं जागेवरच ध्वनिमुद्रित करायचं तर बर्फ मुका हवा. पूर्वी सेटवर पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत, ते पायाखाली कुरकुरत आणि संवाद पुन्हा डब करावे लागत. म्हणून १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'साठी अग्निशामक फेसापासून बर्फ बनवला गेला. कागदी बर्फाचा आवाज जवळपास नसतो.

प्रकाशमाळ:
बर्फ मुका असेल, कॅमेऱ्याचं काय? सुपर ८ चे बहुतेक कॅमेरे चांगलेच घरघरतात. आणि खरी अडचण झाडावर आहे. मेन्सवरच्या स्वस्त एलईडी माळा विजेच्या आवर्तनाबरोबर लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण पडद्यावर सगळी खोली श्वास घेत असल्यासारखी दिसते. डिजिटलला उपाय सोपा: २४ फ्रेमला, वीज ५० हर्ट्झची असेल तर शटरचा कोन (प्रत्येक फ्रेमवर किती वेळ उजेड पडतो ते ठरवणारा) १७२.८ अंश, म्हणजे १/५० सेकंद. ६० हर्ट्झला १४४ अंश. सुपर ८ च्या बहुतेक कॅमेऱ्यांत हा कोन बदलताच येत नाही. तेव्हा माळा बॅटरीवरच्या घ्या, त्याही उघडझापेची चिप नसलेल्या. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, ऑटोवर ठेवू नका. दार उघडून पांढरा बर्फ दिसला की उजेड मोजणारं मीटर ॲपर्चर मिटवणार आणि गाणारं कुटुंब अंधारात जाणार. रीळवेडा म्हणतात त्या चौकटीत तर हे हमखास होणार.

रीळवेडा:
माळा आणि ॲपर्चर, दोन्ही मान्य. घरघरीसाठी कॅमेरा काचेपलीकडे ठेवता येईल. पण कात्री, पाव सेकंद चुकलेलं पडणं मला चालेल, कारण त्यात माणूस दिसतो. घासूनपुसून बसवलेल्या ठोक्यावर प्रेक्षक हसतो आणि सावरतो. मला त्याला सावरू द्यायचं नाही.

कात्री:
आणि भूत? दुहेरी एक्स्पोजरला, म्हणजे त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण करायला, फिल्म मागे फिरवावी लागते. सुपर ८ चं कार्ट्रिज त्यासाठी बनलेलंच नाही, काही कॅमेरे थोड्या फ्रेम मागे जातात इतकंच. १६ मिमीवर या, तर १०० फुटांची रीळ २४ च्या वेगाने पावणेतीन मिनिटं चालते, पण स्प्रिंगवरचे बरेच कॅमेरे एका चावीत जेमतेम अर्धा मिनिट धावतात.

रीळवेडा:
मग १६ मिमीला विजेची मोटर लावू. भूत काळ्या मखमलीपुढे वेगळं घ्यायचं, पूर्ण एक्स्पोजरला.

रंगकाम:
ते उभं कुठे करणार हेही आत्ताच ठरवा. दुहेरी एक्स्पोजरमध्ये उजेडावर उजेडाची भर पडते. बर्फ आधीच पांढराफटक, त्यावर भूत उमटणारच नाही. उघड्या दाराची जागा बाद. शिडीमागची भिंत गडद रंगवा आणि माळेचा उजेड तिच्यावर पडू देऊ नका.

कात्री:
शिडीमागची भिंत चालेल. पण चौकटीच्या त्या कोपऱ्यात भूत इतकं लहान दिसणार की मागच्या रांगेला पत्ताही लागायचा नाही. तिथे तरी एक कट द्या. गाणं कटखालून अखंड वाहू दे.