माल्टा: ऑक्टोबरात ९ रात्री, सोबत आई. व्हिसा, मुक्काम, खाणं याबद्दल सांगा

होटगी_रोड
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माल्टा ठरतंय. आम्ही दोघं आणि आई (वय ६८, गुडघे दुखतात). तिघंही शाकाहारी. टॉवेलचा घरचा धंदा आहे. ९ रात्रींपैकी ३ सिसिलीत घालवाव्यात असंही मनात आहे. व्हिसा कुणाकडे मागायचा, माल्टा की इटली? मुक्काम कुठं धरावा? गाडी भाड्यानं घ्यावी का? आणि घरून खायला काय नेता येतं? एजंट म्हणतो सगळं आमच्यावर सोडा, पण कागद आपल्याला आधी माहीत असलेले बरे.

नवी_पेठ
मालक, व्हिसा माल्टाचाच. शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) जिथं जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. तुमच्या ६ माल्टात, ३ सिसिलीत. रात्री सारख्या झाल्या असत्या तर पहिलं पाऊल जिथं पडतं तो देश धरतात.

फी मोठ्या माणसाला ९० युरो, वर व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज ६ महिने आधीपासून चालतो. प्रवासाआधी १५ दिवस ही शेवटची मुदत आहे, तिच्या भरवशावर राहू नका. जुलैतच फाइल द्या. बोटांचे ठसे द्यायला आईंनाही मुंबईला यावं लागेल. गेल्या ५९ महिन्यांत कुठल्याही शेंगेन व्हिसासाठी दिलेले असतील तर साधारणपणे परत मागत नाहीत. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जाणार असाल तर अपॉइंटमेंट अकरानंतरची घ्या. गाडीला उशीर झाला की सकाळी नऊची वेळ हमखास हुकते.

अडतं ते या ठिकाणी:
– विमा: किमान ३०,००० युरोचा, शेंगेनमधला प्रत्येक दिवस धरून. पॉलिसी एक दिवस उशिरा सुरू झाली तरी फाइल अडते. परतीचं विमान पुढं ढकललंत तर विमाही वाढवा.
– बँक: अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. उसने आणून दाखवलेत असंच वाटतं. धंद्याचं करंट खातं आणि घरचं सेव्हिंग, दोन्हींची स्टेटमेंटं लावा. सोबत जीएसटी नोंदणी आणि आयकर विवरणपत्रं.
– आई: खर्च तुम्ही करणार असं सहीचं पत्र आणि नात्याचा पुरावा. आपल्याकडच्या बायकांच्या नावात घोळ असतो. आधारवर 'शांताबाई', पासपोर्टवर 'शांता', बँकेत माहेरचं नाव. तिकीट, विमा, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, अक्षरन् अक्षर.

पासपोर्ट परतीनंतर किमान ३ महिने चालणारा हवा, १० वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी.

विमान दुबई किंवा इस्तंबूलवरून बघा. रोम, फ्रँकफर्टवरून गेलात तर इमिग्रेशन तिथंच होतं. मधला वेळ दोन तासांपेक्षा कमी ठेवू नका.

कंबर_तलाव
मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब, म्हणून लोक फसतात. नकाशावर सगळं हाताशी दिसतं. प्रत्यक्षात राजधानी वालेटाहून बेटाच्या उत्तर टोकाच्या चिरकेव्वा धक्क्यापर्यंत ४१ नंबरच्या बसला तासाच्या वर लागतो. मुक्काम स्लीमा किंवा वालेटात धरा. स्लीमाहून वालेटाला फेरी आहे, रस्त्याची गर्दी टळते. फक्त धक्क्यावरून गावात जायला चढ आहे.

वालेटाचे रस्ते म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे उतार. आईंसाठी युक्ती सांगतो. ग्रँड हार्बरच्या बाजूला पाण्यालगतून अप्पर बराक्का बागेत नेणारी लिफ्ट आहे, ५८ मीटर उंच. पलीकडच्या बोर्मला गावाहून येणारी फेरी तिच्याजवळच लागते. बागेखालच्या तोफा दुपारी बारा आणि चारला उडतात, वेळ साधा.

गाडी डावीकडूनच चालते, आपल्यासारखी. पण गल्ल्या अरुंद आणि पार्किंगची बोंब. घ्यायचीच तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि अनामतीसाठी क्रेडिट कार्ड ठेवा. डेबिटवर बरेच जण गाडी देत नाहीत. माझ्या मते गाडी गोझो या शेजारच्या बेटापुरती पुरे. बसला मात्र हात दाखवावा लागतो, नुसतं थांब्यावर उभं राहून थांबत नाही. एका तिकिटावर दोन तास बस बदलता येते.

गोझोला चिरकेव्वाहून फेरी, साधारण २५ मिनिटं. जाताना तिकीट मागत नाहीत, पैसे परतताना मजार धक्क्यावर. तिथून ३०१ नंबरची बस गोझोच्या मुख्य गावाला, व्हिक्टोरियाला जाते. 'अझूर विंडो'ची कमान बघायला म्हणून जाऊ नका, ती ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली. जुने फोटो अजून फिरतात. ज्गांतिया मंदिरं बघा, इसवी सनापूर्वी सुमारे ३६०० सालची.

हाल सफ्लिएनीचं हायपोजियम (खडकात कोरलेलं प्राचीन भूमिगत दफनस्थान) बघायचं असेल तर व्हिसाची वाट बघत बसू नका. तासाला फक्त १० माणसं सोडतात (श्वासातल्या ओलाव्यानं खडक खराब होतो), तिकिटं महिने आधी संपतात. आत पायऱ्या आहेत, आईंना बाहेरच बसवा.

ऑक्टोबरात समुद्र कोमट असतो, पण पावसाच्या सरी सुरू होतात आणि वारा उठला की ब्लू ग्रोटो या समुद्री गुहांच्या होड्या बंद. ते पहिल्या दोन दिवसांत उरका, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

विजापूर_वेस
खाण्याचं सांगते. पास्तित्सी म्हणजे पापुद्र्याची गरम पेस्ट्री, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. आत रिकोटा चीज नाहीतर वाटाणा, शाकाहारी दिसते. पण पिठात पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी असू शकते, दरवेळी विचारा. इंग्रजी तिथं सरकारी भाषा आहे, अडचण येत नाही. फ्तीरा पाव घेताना 'ट्यूना नको' आधीच सांगा, नाहीतर घालूनच देतात. बिगिल्ला मागा, बाकल्याच्या जातीच्या दाण्यांचं लसूण घातलेलं वाटण. कडक भाकरीवर झकास लागतं.

भाकरी, शेंगाचटणी, चिवडा खुशाल न्या. चटणी केबिनऐवजी मोठ्या बॅगेत. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून नेता येत नाहीत. कढीपत्ता, लिंबं, आंबे हेही नकोत.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर छोटा कुकर न्या. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. 'युरोप' लिहिलेला दोन गोल पिनांचा अडॅप्टर घेऊन गेलात तर तो सिसिलीत चालेल, माल्टात नाही.

होटगी_रोड
तूप पण नाही? आईचं पथ्य आहे, भाकरीवर लागतंच.

विजापूर_वेस
तूप दुधाचंच, ते नाहीच. पेढे-बर्फीसुद्धा नाही. तिथल्या दुकानात बिनमिठाचं लोणी मिळतं, मंद आचेवर कढवा. पाव किलोचं वीस मिनिटांत होतं.